वरची रेघ

“कुठच्या सीटखाली होतं?”

गमरेदादांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तेव्हा नवाकोरा कंडक्टर होतो, खाकी कपड्यांची इस्त्री अजून मोडायची होती. मुंबईच्या गाडीत कुणीतरी विसरलेलं पुस्तक जमा करायला पोलादपूरच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी गेलो. आत किरकोळ अंगाचा एक माणूस बसलेला. समोर माईक, मागे भिंतीवर गाड्यांच्या वेळांचा तक्ता. त्यांनी पुस्तक घेतलं, पालथं केलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि सीट विचारली.

“सगळ्यात मागच्या,” मी म्हटलं.

“मागच्या सीटवर हादरे खात वाचलंय. म्हणजे चांगलं असणार,” असं म्हणून त्यांनी खणातून जुनं वर्तमानपत्र काढलं आणि पुस्तकाला कव्हर चढवायला घेतलं. चढवताना नाव दिसू नये म्हणून मान छपराकडे. लग्नात अंतरपाट धरणारेसुद्धा नवरा-नवरीला एकमेकांपासून इतकं लपवत नाहीत.

गाडीत सापडलेल्या वस्तू महाडला डेपोत पाठवायचा नियम होता आणि गमरेदादा नियमाचे पक्के. छत्र्या, पिशव्या, चपलेचा एकेक पाय, एकदा तर पाय बांधलेला जिवंत कोंबडा त्यांनी त्याच दिवशी रवाना केला. तो कोंबडा महाड येईपर्यंत ड्रायव्हरच्या कानात आरवत होता आणि ड्रायव्हर दर वेळी उजाडलं समजून दिवे विझवत होता. पुस्तक तेवढं वाचून झाल्यावर जाई. आमच्या मार्गावर विसरभोळ्यांचा सुकाळ होता. चाकरमानी गाडीत पेंगत येत आणि गाव आलं की ट्रंक, बिछाना आणि पोरं मोजून उतरत. पुस्तक कोण मोजतो? त्या काळी मुंबईने जेवढी पुस्तकं विकत घेतली त्यातली निम्मी पोलादपूरला उतरली, असं मी सांगतो. आमची ही म्हणते, मी प्रत्येक गोष्ट दुप्पट करून सांगतो. मग चौथाई धरा.

दादा पुस्तकात बोट घालून गाड्या पुकारत. डावं बोट पानात, उजवा हात माईकच्या बटणावर. बटण दाबलं की आवाज थेट आकाशवाणीचा: “प्रवाशांनी लक्ष द्यावे. कापडे मार्गे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे.” बटण सोडलं की, “कुठं व्हतो मी? हां, सासरा मेला.” एकदा बटण सुटायचं राहिलं आणि सासरा मेल्याची बातमी अख्ख्या स्टँडभर गेली. माहेरी निघालेल्या एका बाईने तिथल्या तिथे सूर लावला. तिला चहा पाजून, सासरा पुस्तकातला आहे हे पटवून देईपर्यंत तिची गाडी गेली. जाताना ती म्हणाली, “पुस्तकातला का होईना, माणूस गेला ना?” दादांनी ते वाक्य जन्मभर सांगितलं. म्हणत, “साळव्या, वाचणारी ती. आपुन निस्ती पानं उलटतो.”

साळवी हे माझं आडनाव. स्टँडवर सगळे साळवी म्हणत, दादा साळव्या म्हणत, आणि तसं त्यांनीच म्हणावं.

आता त्यांच्या भिंतीबद्दल सांगतो, कारण गमरेदादा म्हणजे ती भिंत. कापड्याच्या बौद्धवाडीत त्यांचं दोन खणांचं घर. आत शिरलं की समोर पांढरी, किंचित निळसर भिंत. तिच्यावर वरच्या कोपऱ्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली दारापासून खिडकीपर्यंत लाल कावेने लिहिलेली नावंच नावं. वाचलेल्या पुस्तकांची. पण ही नावं कुठल्याही दुकानात सांगा, दुकानदार वेड्यात काढील. ‘हट्टी मामलेदाराची सून.’ ‘बर्फात मेलेला घोडा.’ ‘हसवायला निघाला आणि दमला.’ ‘लेखकाचं कोंबड्यांवर प्रेम नाही.’ हे शेवटचं कुक्कुटपालनाचं पुस्तक होतं. तेही दादांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.

“नाव छापणारा ठेवतो रे,” ते म्हणत. “त्यानं ते कुठं वाचलंय? वाचून झालं की मग आपुन नाव ठेवायचं. पोर जन्मल्याबिगर बारसं करतात का कोण?”

वाचून पुरं झालेल्या पुस्तकाच्या नावावर शिरोरेषा असे. मधूनच मालक येऊन घेऊन गेला, तर अक्षरं तशीच, डोक्यावर रेघ नसलेली, उघडीबोडकी. ते पुस्तक पुन्हा कधी हाती आलं आणि संपलं, तर दादा कुंचला घेऊन वरची रेघ ओढत. ती रेघ ओढताना श्वास रोखून धरत.

इथवर कुणीही म्हणेल, हौशी माणूस. पण खरी गंमत वैशाखात. बुद्धपौर्णिमेच्या आधी अनसूयावहिनी घराला चुना काढत. ती भिंतही सोडत नसत. वर्षभराची, वर्षानुवर्षांची सगळी नावं काथ्याच्या कुंच्याखाली गडप. चुन्याचे दोन हात बसले की भिंत कोरी. मग दादा रजा टाकून सकाळपासून त्या भिंतीसमोर पाट टाकून बसत आणि आठवेल तसं एकेक नाव पुन्हा लिहीत. दिवेलागणीपर्यंत मुदत. दिवा लागला की कुंचला धुवायचा. त्यानंतर आठवलेलं नाव लिहायचं नाही, पुढल्या वैशाखातही नाही. ते पुस्तक वाचलंच नव्हतं असं समजायचं.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हबकलो. म्हटलं, “दादा, एक वही करा की. सुखाने लिहा.”

“वहीत लिवलं की वही ध्यानात ठेवते. माणूस मोकळा होतो विसरायला.” त्यांनी बोट भिंतीकडे केलं. “चुन्याखालून जे वर आलं ते माजं. बाकीचं लोकांचं व्हतं, लोकांकडं गेलं.”

वहिनी फणस कापत होत्या. (फणस केवढा होता हे मी सांगत नाही. तो आत आणायला दाराची चौकट काढावी लागली होती एवढंच.) त्या तेलाचे हात झटकत म्हणाल्या, “ऐकलंत ना भावोजी? परवा मला ईचारतात, मीठ कुठं ठेवलंय. लग्न होऊन जल्म गेला, मीठ ध्यानात नाय. घोडा कुठल्या बर्फात मेला ते ध्यानात हाय.”

“मिठाला गोष्ट नाय गो,” दादा म्हणाले.

त्या दिवशी भिंत भरली. एका नावावर मात्र रेघ नव्हती: ‘विहिरीत उतरणारी बाई’. पुढे जितकी वर्षं ती भिंत लिहिली गेली तितकी वर्षं ते नाव तसंच बोडकं होतं. त्याची हकीकत अशी. एका उन्हाळ्यात दादा एक पुस्तक वाचत होते. दुष्काळी गावात एक बाई रोज दोराला धरून कोरड्या विहिरीत उतरते आणि तळाचं ओंजळभर पाणी वाटीने घागरीत भरते. वर दोर धरायला तिची जाऊ. दोघींचं वैर. एके दिवशी ती तळाशी असताना दोर सैल पडतो. बरोबर या पानावर खिडकीशी एक पँटवाला उभा राहिला. दासगावचा, मुंबईला नोकरीला असलेला. सुट्टी संपवून परत निघताना पुस्तकासाठी मुद्दाम उलटा पोलादपूरपर्यंत आला होता, मुंबईची गाडी चालू उभी होती. “माझं पुस्तक मिळालं का हो?”

नियम तो नियम. दादांनी पानातलं बोट काढलं. मी शेजारीच होतो, शपथेवर सांगतो, ते बोट काढताना त्यांचा चेहरा मुलीला सासरी धाडणाऱ्या बापाचा झाला. पँटवाला पुस्तक घेऊन गाडीत चढला. दादा धावत खिडकीखाली गेले. “अवो पावणं, ती वर आली का शेवटी?”

“कोण?”

“ती बाय, विहिरीतली.”

“मी अजून तिथवर वाचलेलं नाही हो,” तो म्हणाला आणि गाडी सुटली.

नाव माहीत असतं तर पुस्तक कुठूनही मिळवता आलं असतं. महाडच्या बाजारपेठेत वाचनालय होतं. पण नाव दादांनी बघितलंच नव्हतं, बघायचंच नाही म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर होतं. वाचनालयात जाऊन त्यांनी विहीर, दोर, जाऊ असं सगळं सांगून पाहिलं. तिथल्या माणसाने विहिरी खोदण्याचं सरकारी पुस्तक काढून दिलं. दादांनी तेही वाचलं.

त्यांचं दुःख मला बघवेना. मी एक दिवस येऊन सांगितलं की, दादा, दासगावचा तो माणूस भेटला, शेवट कळला. बाई विहिरीच्या तळातून भुयार खणत गेली ती थेट सावित्रीच्या पात्रात निघाली, आणि गावाला पाणी मिळालं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “भुयार कंच्या हत्याराने खणलं?”

“वाटीने.”

“साळव्या, हा शेवट तुजा हाय. पुस्तकाचा नाय. पण झ्याक हाय.” रेघ काही त्यांनी ओढली नाही.

अशी पाच-सात वर्षं गेली असतील. मग एका वैशाखात भिंत खिडकीपर्यंत पोचली नाही. अलीकडेच थांबली. मी म्हटलं, “यंदा अक्षर बारीक काढलंत वाटतं.” मी अशा वेळी काहीतरी बोलतोच. दादा हसले नाहीत. त्यांनी कुंचला धुतला आणि भिंतीच्या रिकाम्या भागासमोर बराच वेळ उभे राहिले. पुढल्या वर्षी नावं आणखी आखडली. आम्ही स्टँडवरचे लोक म्हणायचो, गमऱ्यांचं वाचन कमी झालं. वाचन कमी झालं नव्हतं. तेच पुस्तक ते दोनदा, तीनदा वाचायचे, दर वेळी नव्याने कव्हर घालून, दर वेळी मान छपराकडे.

एके दिवशी दुपारी भोंग्यातून आवाज आला: “तुडील मुक्काम गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल.” आवाज तोच, स्वच्छ, आकाशवाणीचा. मी चहाच्या टपरीवर होतो. हातातला चहा हातात राहिला. ती गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी कंडक्टर म्हणून लागलो त्याच्याही आधी. एक म्हातारी गाठोडं घेऊन फलाटावर येऊन बसली. मी तिला सांगितलं, “आजी, ती गाडी आता नाही. महाडला जा, तिथून दुसरी मिळेल.” ती म्हणाली, “गमऱ्यांनी पुकारलीय. येल.” संध्याकाळ झाली तरी ती हलेना. शेवटी तिला हाताला धरून मी महाडच्या गाडीत बसवलं. दादा खिडकीतून बघत होते. त्यांच्या तोंडावरून मला कळलं की त्यांना कळलं.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून संगनमत केलं. कुणी ना कुणी सतत खिडकीशी उभा. दादांनी बटण दाबायच्या आधी त्याने तक्त्यातल्या गाडीकडे बोट करायचं, तेही सहज गप्पा मारल्यासारखं. मी तर इतकी बडबड करायचो की प्रवाशांना वाटायचं स्टँडवर तमाशा उतरलाय. वरच्या साहेबांपर्यंत कुणी काही जाऊ दिलं नाही. पण दादा काही लहान मूल नव्हते. एका सकाळी त्यांनी खणाची चावी टेबलावर ठेवली, माईकवर रुमाल टाकला आणि मला म्हणाले, “वाचण्यात चुकलं तर आपुन एकटं भलतीकडं जातो रे. माईकवर चुकलं तर म्हातारी जाते.” पेन्शनीला वेळ होता. ते थांबले नाहीत.

त्या वैशाखात मी कापड्याला गेलो तो मन घट्ट करूनच. आणि बघतो तर काय, दादा झपाट्याने लिहीत होते. मामलेदाराची सून आली, घोडा आला, कोंबड्या आल्या. खिडकी गाठली. मी नाचायचा बाकी राहिलो. वाडीतली कुत्री भुंकायला लागली इतका मोठ्याने हसलो. मग कौतुक करायला भिंतीजवळ गेलो, आणि खालच्या, लिहायच्या राहिलेल्या जागेत मला पुसट गुलाबी अक्षरं दिसली. चुन्याच्या आतून वर आलेली, गेल्या साली अन् त्याच्याही आधी लिहिलेली. दादा नावं आठवत नव्हते. गिरवत होते.

मी मागच्या पडवीत गेलो. वहिनी डबा घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “खिडकीकडली बाजू आधी ओल्या फडक्यानं पुसली, मंग एकच हात दिला यंदा. पाणी जास्त घातलं चुन्यात.”

“वहिनी, त्यांचा नियम…”

“नियम त्यांचा. भिंत माजी हाय, भावोजी. मी सारवते.” डबा पालथा घालून म्हणाल्या, “मला वाचता येत नाय. पण एकेक नाव वर येतं तसं त्यांचं तोंड उजळतं, ते मला वाचता येतं.”

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे आमच्या हिला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

पुढच्या वर्षी गिरवणंही बिघडलं. घोड्याचा घ उलटा झाला, मामलेदार नुसती वेटोळी. दादांनी कुंचला खाली ठेवला, चार पावलं मागे येऊन भिंतीकडे पाहिलं आणि मला विचारलं, “काय लिवलंय रे?” मी भिंतीकडे न बघता सगळी नावं घडाघडा म्हटली. दादा माझ्याकडे बघत राहिले, मग पुढे होऊन त्यांनी बोट ओलं केलं, भिंतीवर घासलं. चुना बोटाला आला, खालची जुनी काव उघडी पडली.

“अनसू,” ते म्हणाले, “चुना पातळ हाय.”

“कमी पडला.”

“किती वर्षं कमी पडतोय?”

दादा रागावले नाहीत. वहिनींच्या जवळ जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, “म्होरल्या साली दोन हात दे गो. दाट दे. मला फसवून भिंत भरू नको.”

आणि वहिनींनी दोन हात दिले. तो शेवटचा वैशाख. मी सकाळीच पोचलो. भिंत अशी पांढरी की डोळ्यांना टोचत होती. दादा पाटावर बसलेले, शेजारी कावेची वाटी आणि कुंचला. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण कंडक्टर आहे हे ओळखलं, बहुतेक आवाजावरून. मला म्हणाले, “बसा मास्तर, गाडीला येळ हाय.”

दुपार झाली. भिंत कोरी. वाटीतली काव सुकली की वहिनी थेंबभर पाणी घालून जात. वाडीतलं कुणी डोकावलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हं कलली तेव्हा मला राहवेना. नियम मोडून मी म्हटलं, “दादा, ती विहिरीत उतरणारी बाई?”

“कोण बाय?”

मग मी ती गोष्ट सांगितली. दुष्काळी गाव, कोरडी विहीर, वाटीने भरायची घागर, वर दोर धरलेली जाऊ. त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलेली की मला पाठ होती. आयुष्यात पहिल्यांदा मी एका गोष्टीत पदरचं काही घातलं नाही. दादा मान पुढे करून ऐकत होते. दोर सैल पडतो तिथे मी थांबलो.

“चांगली गोष्ट हाय,” ते म्हणाले. “मंग म्होरं काय झालं?”

माझ्या जिभेवर शेवट तयार होते. भुयाराचा होता, जावेला दया आल्याचा होता, गाव धावून आल्याचा होता. एकाहून एक सरस. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, “ठाऊक नाही दादा. ज्याचं पुस्तक होतं तो घेऊन गेला.”

“गेला?”

“गाडी सुटली.”

“येल परत,” दादा म्हणाले. “काय ना काय इसरला असंल.”

बाहेर अंधारायला लागलं होतं. वहिनी चिमणी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या, पण काडी ओढेनात. दादा पाटावरून उठले. कुंचला कावेत बुडवला, दाराच्या चौकटीपाशी टेकवला, श्वास रोखला आणि पाय ओढत खिडकीपर्यंत गेले. एक लांबलचक रेघ. थोडी थरथरलेली, मध्ये कुठे न तुटलेली. तिच्याखाली एक अक्षर नाही.

“आता लाव दिवा,” ते वहिनींना म्हणाले आणि कुंचला धुवायला पडवीत गेले.

श्रावण लागायच्या आत ते गेले. कापड्याची गाडी त्या दिवशी मीच मागून घेतली होती. मुंबईहून दोन्ही मुलगे पोचले, वाडी जमली. मी त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला उभा राहिलो, बोलायला मीच बरा म्हणून लोकांनी मलाच उभं केलं, आणि भिंतीवर असायची ती नावं तेवढी म्हणून खाली बसलो.

पुढल्या वैशाखात मी पुन्हा गेलो. वहिनी कमरेला पदर खोचून भिंतीला चुना काढत होत्या. तसबिरी उतरवून खाटेवर ठेवलेल्या. मी कुंचा मागितला, त्यांनी दिला नाही. दारापासून खिडकीपर्यंत एकसारखा हात फिरवला, कुंचा डब्यात सोडला आणि उंबऱ्यावर येऊन बसल्या.

“दुसरा हात कधी देताय?” मी विचारलं.

“नाय देत.”

आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. चुना वाळत गेला, भिंत पांढरी होत गेली, आणि ती रेघ काही गेली नाही.